पोटभाडेकरूला ना-हरकत कोण देणार?

आमच्या पेठेतल्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा यंदाही नेहमीसारखीच चालली होती. अहवाल वाचून झाला असं समजण्यात आलं, लाभांश मंजूर झाला, आणि बटाटेवड्यांचा वास सभागृहात शिरू लागला तेव्हा विषय क्रमांक नऊ पुकारला गेला. संस्थेचं संकेतस्थळ महिनाअखेरीस बंद होणार; खात्याचा उतारा, ठेवीची पावती, कर्जाचा हप्ता हे सगळं यापुढे फक्त मोबाइल ॲपवर. मागच्या रांगेतून एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "मला मोबाइलवरचे आकडे दिसत नाहीत. मी घरी कॉम्प्युटरवर मोठे करून बघते. मी काय करायचं?" व्यासपीठावर ॲप बनवणाऱ्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी बसला होता. तो हसून म्हणाला, "काकू, काही काळजी करू नका. कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाका. मोबाइलचं कुठलंही ॲप आता पीसीवर चालतं. एकदम सीमलेस!"

सभेनं टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो. तिसऱ्याला अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. उरलेली वाक्यं इथे लिहितो आहे.

तो मुलगा एकटाच असं म्हणत असता तर लेख लिहिण्याइतकं मनावर घेतलं नसतं. पण हाच युक्तिवाद मी गेल्या तीन-चार वर्षांत गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत ऐकला, नातवाच्या शाळेच्या पालकसभेत ऐकला, आणि उभी हयात संगणकावर काढलेल्या मित्रांच्या तोंडूनही ऐकला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला: फोनवर ॲप आहे, मग वेगळी वेबसाइट कशाला पोसायची? दुसरा: संगणकच हवा असेल त्याच्यासाठी व्हर्च्युअलायझेशन आहेच. पहिला भाग दुसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे. ज्यांची अडचण होईल त्यांच्यासाठी उपाय तयार आहे, म्हणून अडचण करायला हरकत नाही, असा तो हिशेब. म्हणून मी दुसऱ्याच भागाला हात घालतो.

आधी जे मान्य करायचं ते मोकळ्या मनानं करतो. व्हर्च्युअलायझेशन ही थापेबाजी नाही. या धंद्यात मला तीस वर्षं होत आली. व्हीएमवेअरचा वर्कस्टेशन हा प्रोग्राम १९९९ मध्ये आला, आणि विंडोज एनटीच्या एका खिडकीत आख्खं लिनक्स उठताना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याला मी हाक मारून बोलावलं होतं. नंतर कळलं की आमचं आश्चर्य सत्तावीस वर्षं उशिराचं होतं. आयबीएमनं १९७२ मध्येच व्हीएम/३७० बाजारात आणलं होतं. एका महायंत्रावर डझनावारी माणसं बसायची आणि प्रत्येकाला वाटायचं की पूर्ण यंत्र आपल्याच हाताखाली आहे. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी असं यंत्र कोणत्या अटींवर उभं राहू शकतं हे एका निबंधात नेमकं मांडलं. आपल्या घराघरांत पोचलेला इंटेलचा प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या सतरा आज्ञा अशा होत्या, की आतल्या सिस्टिमनं त्या वापरल्या तर मधल्या कारभाऱ्याला पत्ताच लागत नसे. व्हीएमवेअरनं त्या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची करामत केली. २००५ मध्ये इंटेलनं प्रोसेसरमध्येच सोय करून दिली आणि पुढच्या वर्षी एएमडीनं. तेव्हापासून ही विद्या तुमच्या-माझ्या टेबलावर आहे.

ती समजायला मला एक घरगुती उपमा पुरते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे पोटभाडेकरू. घर मूळ संगणकाचं. त्यातली एक खोली, म्हणजे थोडी मेमरी, थोडी डिस्क, प्रोसेसरचा थोडा वेळ, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेला. पोटभाडेकरूला वाटतं घर आपलंच आहे. तो भिंतीत खिळा ठोकायला जातो तेव्हा मधला कारभारी, ज्याला हायपरवायझर म्हणतात, त्याचा हात धरतो आणि खिळा ठोकल्यासारखं दाखवून देतो. एम्युलेटर हा मुळात वेगळा प्राणी. तो दुभाष्या: फोनच्या एआरएम प्रोसेसरची भाषा शब्दाशब्दानं इंटेलच्या भाषेत करून सांगणारा. गूगलचा अगदी सुरुवातीचा अँड्रॉइड एम्युलेटर असा होता, आणि तो उठेपर्यंत चहा पिऊन यावं लागायचं. आज लोक दोन्हींना सरसकट एम्युलेटर म्हणतात. हरकत नाही. ब्लूस्टॅक्ससारख्या प्रोग्राममध्ये अँड्रॉइड पोटभाडेकरू म्हणून राहतं आणि दुभाष्या लागेल तेवढाच बोलतो, म्हणून तो बऱ्यापैकी वेगात चालतो.

म्हणजे 'चालतं का?' या प्रश्नाचं उत्तर आहे: चालतं. खेळ चालतात, अलार्म चालतो, पाककृतींची ॲप चालतात. हिंजवडीत ॲप तपासण्याचं काम करणाऱ्या माझ्या भाचीच्या संगणकात एका वेळी चार फोन उघडे असतात, चारही नसलेले. तिचं पोट त्यावर आहे. माझं भांडण या विद्येशी नाही. विद्येच्या अंगावर जे काम टाकलं जातंय त्याच्याशी आहे.

सभेहून आलो त्याच रात्री मी तो प्रयोग केला. संगणक माझा चांगला आहे, सोळा जीबी मेमरीचा. एम्युलेटर टाकला, त्यात खोटा फोन उठला, त्या फोनात गूगलचं खातं घातलं, प्ले स्टोअर उघडलं, संस्थेचं ॲप उतरवलं. पाऊण तास गेला. ॲप उघडलं. संस्थेचं बोधचिन्ह दिसलं, खाली वर्तुळ फिरलं, आणि एक ओळ आली: हे उपकरण सुरक्षित नसल्यामुळे ॲप बंद होत आहे. ॲप बंद झालं.

पुन्हा एकदा वाचा. ज्या कंपनीच्या माणसानं 'एम्युलेटर टाका' म्हणून भर सभेत सांगितलं, त्याच कंपनीच्या ॲपला एम्युलेटर ओळखता येतो, आणि ओळखल्याबरोबर ते दार लावून घेतं. त्याला ते ठाऊक नव्हतं असं मी धरून चालतो. विकणारा आणि बनवणारा एकाच मजल्यावर बसत नाहीत, हा आमच्या धंद्यातला जुनाच रोग.

भाचीला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, "मामा, आम्ही एम्युलेटर वापरतो ते ॲप कुठे मोडतंय ते बघायला. तू त्यात पैसे ठेवायला निघालायस?"

इथे गोम आहे. पोटभाडेकरूची खोली तयार आहे, पलंग आहे, पंखा आहे. अडतं कुठे? सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्रापाशी. आजचं ॲप सुरू झाल्यावर आधी गूगलला विचारू शकतं: मी ज्यावर चालतोय तो खरा फोन आहे का? या व्यवस्थेला प्ले इंटिग्रिटी म्हणतात. तिच्या आधी सेफ्टीनेट होती. गूगल सहीशिक्क्याचं उत्तर देतं. सर्वांत कडक उत्तर हवं असेल तर त्याचा आधार फोनच्या चिपमध्ये सुरक्षित बसवलेली किल्ली असते. ती किल्ली माझ्या संगणकातल्या खोट्या फोनाकडे नाही, आणि कुठल्याही प्रोग्रामला ती पैदा करता येत नाही. पैदा करता आली असती तर तिला अर्थच उरला नसता. गंमत म्हणजे या उत्तरांत गूगलनं आभासी फोनासाठीही एक वेगळी पायरी ठेवली आहे, पण ती 'गूगलला मान्य असलेल्या आभासी फोना'साठी, म्हणजे मुख्यतः गूगलच्या स्वतःच्या प्ले गेम्स या पीसीवरच्या प्रोग्रामसाठी. पोटभाडेकरू चालतो, पण सेक्रेटरीच्या मेहुण्याचा.

हा अंदाज नाही, याचा इतिहास आहे, आणि तो त्या प्रतिनिधीपेक्षा फार मोठ्या माणसांचा आहे. २४ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ ची घोषणा केली तेव्हा त्यातलं सगळ्यात टाळ्या घेणारं वाक्य होतं: अँड्रॉइड ॲप विंडोजवर चालणार. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांची, हायपरवायझर त्यांचा, एआरएम ते इंटेल दुभाष्याचं काम खुद्द इंटेलनं करून दिलेलं. यापेक्षा चांगली खोली कुणी बांधणार नाही. ॲप खिडकीत उघडायचं, टास्कबारवर बसायचं, बाजूला कॅल्क्युलेटर असावा तसं. पण दुकान गूगलचं नव्हतं, ॲमेझॉनचं होतं. गूगलच्या सेवा आत नव्हत्या. आणि अँड्रॉइडवरची पुष्कळ ॲप नकाशा, लॉगिन, सूचना यांसाठी त्याच सेवांचा हात धरून चालतात. ५ मार्च २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एका वर्षानं हे बंद. ५ मार्च २०२५ ला ते बंद झालं. त्याआधीही, २०१५ मध्ये, अँड्रॉइड ॲप विंडोजच्या फोनवर आणण्याचा 'ॲस्टोरिया' नावाचा घाट त्यांनी घातला होता. तो दुसऱ्या वर्षी गुंडाळला. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी दोनदा हरली, आणि आमच्या पेठेतल्या शिक्षिकेनं रविवारी दुपारी ते घरी करून बघायचं.

कुणी म्हणेल, इंटेल आणि एआरएम यांच्या भाषा वेगळ्या म्हणून हे झालं. मग ॲपलकडे या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले. आयफोनच्या आणि मॅकच्या प्रोसेसरचं घराणं एकच झालं. दुभाष्या नको, पोटभाडेकरू नको, काहीच आभासी नको. आयफोनचं ॲप मॅकवर थेट चालू शकतं. तांत्रिक अडचण शून्य. पण ॲपलनं ॲप बनवणाऱ्याला एक छोटी चौकट दिली: माझं ॲप मॅकवर नको. नेटफ्लिक्सनं त्या चौकटीचा वापर केला, फेसबुकच्या घराण्यानं केला, गूगलनं केला. शेवटी २०२४ मध्ये ॲपलनं मॅकवर आयफोनचा पडदा दाखवण्याची सोय काढली; म्हणजे ॲप फोनातच चालणार, मॅक फक्त आरसा धरणार. जिथे ॲप संगणकावर आणायला कसलीच विद्या लागत नव्हती तिथेही लोकांना फोनाकडेच परतावं लागलं. मला या सगळ्या वादात याहून बोलका पुरावा माहीत नाही. अडलेलं होतं ते परवानगीपाशी. सिलिकॉन बिचारं कधीच तयार होतं.

उलट बाजूनंही हेच दिसतं. गूगलच्या क्रोमबुकवर २०१६ पासून अँड्रॉइड ॲप चालतात आणि बऱ्यापैकी चालतात. आधी ती कंटेनरमध्ये चालायची, मग गूगलनं ती पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवली. तंत्र तेच, जे आपल्या पीसीवर आहे. फरक एवढाच, की तिथे घरमालक, कारभारी आणि सोसायटीचा सेक्रेटरी हे तिघं एकच आहेत.

आता दुसऱ्या टोकाचे मित्र उठतील. ते म्हणतात, मग ही तपासणीच जुलमी आहे. संगणक माझा, पैसे माझे, मी ॲप कशावर चालवायचं हे गूगल कोण सांगणार? या मित्रांबद्दल मला जिव्हाळा आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या फोनवर मी लिनिएजओएस ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती टाकली आहे, आणि त्यामुळे त्यावर निम्मी बँकांची ॲप रुसून बसतात. दोन परदेशी कंपन्यांनी 'खरा' ठरवलेला फोन असेल तरच माणूस व्यवहार करू शकेल, हे मलाही खटकतं. पण या मित्रांनी एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. तपासणीमागची भीती खोटी नाही.

खोटा फोन स्वस्त असतो. एकाचे हजार करता येतात. त्याची जशीच्या तशी प्रत काढून ठेवता येते आणि फसलं तर कालच्या स्थितीत परत नेता येतं. त्याचं मॉडेल, क्रमांक, ठिकाण, सगळं लिहाल ते. डिसेंबर २०२० मध्ये आयबीएमच्या सुरक्षा पथकानं एक टोळी उघडकीला आणली. साधारण वीस एम्युलेटर वापरून या टोळीनं सोळा हजारांहून जास्त लोकांच्या फोनांची सोंगं घेतली होती, आणि युरोप-अमेरिकेतल्या बँकांतून काही दिवसांत लाखो डॉलर काढले होते. एखाद्या एम्युलेटरनं तर एकट्यानं हजारोंची सोंगं वठवली. बँकेच्या जागी मी असतो तर मीही दार लावलं असतं.

आपल्याकडे तर पैशाच्या ॲपचा पायाच सिमकार्ड आहे. यूपीआय ॲप नोंदवताना तुमच्या फोनातून, त्याच सिमवरून, एक एसएमएस गुपचूप बाहेर जातो आणि नंबर त्या हँडसेटशी बांधला जातो. संगणकातल्या फोनाला सिमच नाही. तो एसएमएस कुठून पाठवणार? आणि वारं त्याच दिशेनं वाहतंय. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागानं संदेश पाठवणाऱ्या ॲपनाही सिमशी सतत बांधून घ्यायला सांगितलं, आणि संगणकावरची त्यांची वेब आवृत्ती दर सहा तासांनी आपोआप बाहेर पडावी असाही आदेश दिला. त्यातला शहाणपणा किती आणि त्रास किती हा वेगळा लेख होईल. पण ज्याला वाटतं की फोनाचं ॲप आणि फोन यांची ताटातूट सोपी होत चालली आहे, त्यानं हे वाचावं.

काही ॲपची तर ताटातूट होऊच नये. ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यातल्या शेतकऱ्यानं स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढायचा आणि तो ठिकाणासह सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी पाठवायचा, अशी ही व्यवस्था. त्या ॲपच्या तक्रारी पुष्कळ आहेत. रेंज नसलेल्या शिवारात उभं राहून ते चालवणाऱ्याला विचारा. पण या पाहणीचा सगळा अर्थ 'तू शेतात उभा आहेस' यात आहे. एम्युलेटरात एक टिचकी मारली की फोन जालन्यात, दुसरी मारली की कणकवलीत. असं ॲप संगणकावर 'सीमलेस' चालू लागलं तर पीकच आभासी होईल.

तेव्हा त्या प्रतिनिधीच्या बाजूला एकाच वेळी दोन गोष्टी म्हणता येणार नाहीत. सुरक्षेसाठी आम्ही फक्त खऱ्या फोनावर विश्वास ठेवतो, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी मान हलवीन. मग ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा ज्यांना तो वाचता येत नाही, त्यांना 'एम्युलेटर टाका' म्हणू नका. आणि एम्युलेटर चालतो म्हणायचं असेल तर ॲपमधली ती ओळ काढा आणि जोखीम तुमच्या वहीत लिहा. दोन्ही दगडांवर पाय ठेवला की मध्ये सभासद पडतो.

समजा, ती ओळ काढली. मग त्या शिक्षिकेनं काय काय करायचं, ते तरी एकदा मोजू. संगणक चालू होताना कुठलीशी कळ दाबून बायोसमध्ये शिरायचं आणि व्हर्च्युअलायझेशन नावाची खूण शोधून चालू करायची; बऱ्याच जुन्या संगणकांत ती बंदच असते. मेमरी: ब्लूस्टॅक्स कमीत कमी चार जीबी मागतो, आणि चारच जीबी असलेल्या संगणकावर तो टाकला की उरलेला संगणक धाप टाकायला लागतो. एवढं करून समोर येते ती पडद्याच्या मध्यावर फोनाच्या आकाराची उभी पट्टी, ज्यात आकडे तितकेच बारीक. मोठं करायचं तर दोन बोटांनी चिमटा काढून पसरायचं. माउसला बोट एक.

मराठी लिहायचं असेल तर आणखी गंमत. विंडोजमध्ये बसवलेला इनस्क्रिप्ट कळफलक आतल्या अँड्रॉइडला आपोआप मिळेल असं नाही. पोटभाडेकरूला बऱ्याचदा एवढंच कळतं की अमुक कळ दाबली गेली. त्या कळीवर 'क' आहे हे घरमालकाचं ज्ञान.

आणि ज्याला दिसतच नाही त्याचं काय? आपल्याकडचे कितीतरी अंध वाचक विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन-रीडर वापरतात. नीट बनवलेलं वेबपान तो मथळ्यापासून तक्त्याच्या शेवटच्या रकान्यापर्यंत वाचून दाखवतो. एम्युलेटरची खिडकी त्याच्या लेखी एक चित्र आहे. आतली अक्षरं त्याला अक्षरं म्हणून पोचतच नाहीत. 'सीमलेस' म्हणणाऱ्यानं डोळे मिटून एकदा वापरून पाहावं.

सुरक्षेचीही दुसरी बाजू आहे, आणि ती सभेत कुणीच काढली नाही. 'एम्युलेटर टाका' म्हणजे कुठून तरी एक भलामोठा मोफत प्रोग्राम उतरवा, त्याला संगणकाच्या मुळाशी शिरायची मुभा द्या, आणि त्यात स्वतःचं गूगल खातं व पतसंस्थेचा पिन टाइप करा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं उघड केलं की नॉक्सप्लेअर या आशियात लोकप्रिय असलेल्या एम्युलेटरच्या अपडेटच्या वाटेत कुणी तरी शिरलं होतं, आणि निवडक लोकांच्या संगणकांत अपडेट म्हणून हेरगिरीचे प्रोग्राम पोचवले गेले होते. बळी थोडे होते, हेही सांगितलं पाहिजे. टोळीला ठरावीक माणसंच हवी होती. पण सुरक्षेच्या नावानं वेबसाइट बंद करायची आणि म्हाताऱ्या माणसांना या वाटेनं पाठवायचं, याला काय म्हणावं ते अध्यक्षांनी सुचवावं.

राहिला खर्चाचा मुद्दा. वेबसाइट आणि ॲप दोन्ही सांभाळणं संस्थेला परवडत नाही, असं मला वड्याच्या ताटाशी सांगण्यात आलं. मी ते खरं मानलं होतं. पुढच्या रविवारी भाची घरी आली. ॲपची एपीके फाइल म्हणजे शेवटी झिपच. तिनं ती उघडली, दहा मिनिटं आत बघितलं आणि मला बोलावलं. खात्याचा उतारा, ठेवी, कर्ज, या ॲपच्या तिन्ही पडद्यांत ॲप असं काहीच नव्हतं. ती वेबपानं होती. संस्थेच्याच सर्व्हरवरची साधी वेबपानं, ॲपच्या चौकटीत बसवून दाखवलेली. चौकटीत आणखी काय होतं? बोधचिन्ह, ते फिरणारं वर्तुळ, आणि उपकरण सुरक्षित नाही असं सांगणारी ती ओळ.

म्हणजे घराचं पुढचं दार तिथेच आहे. आत दिवा लागलेला आहे. त्याला बाहेरून कुलूप घालून संस्था सांगते की आता मागच्या खिडकीला शिडी लावा. शिडी बाजारात मोफत मिळते. आणि खिडकीपाशी पोचलं की आतून कुणी तरी ओरडतं, शिडीवरून येणाऱ्यांना प्रवेश नाही.

वेबनं सुरक्षित व्यवहार होत नाहीत, असं आता कुणी म्हणू नये. आयकराचं विवरणपत्र आपण ब्राउझरमध्ये भरतो. रेल्वेचं तिकीट ब्राउझरमध्ये काढतो. सातबारा महाभूलेखवर ब्राउझरमध्ये बघतो. देशातल्या बँका नेटबँकिंग चालवतात आणि ते रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली चालतं. व्हॉट्सॲपइतका फोनाला चिकटलेला प्रोग्राम दुसरा नसेल. त्यानंही जानेवारी २०१५ मध्ये वेबची वाट दिली. फोनानं क्यूआर कोड टिपायचा, आणि मग मोठ्या पडद्यावर मोठ्या कळफलकानं लिहायचं. फोन ओळख पटवायला, संगणक काम करायला. ही वाटणी मला शहाणी वाटते. आमच्या शिक्षिकेकडे फोन आहे. त्यावर आलेला ओटीपी त्या भिंग धरून वाचतात. सहा आकडे वाचणं आणि साठ ओळींचा उतारा वाचणं यात फरक आहे.

संचालकांपैकी एकानं मला 'रिझर्व्ह बँकेचे नियम' असंही ऐकवलं. पतसंस्था ही बँक नव्हे, साहेब. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आणि सहकार खात्याच्या देखरेखीखालची. ज्या दिवशी ठेवींना विम्याचं संरक्षण मागायला जाऊ, त्या दिवशी हा फरक आपल्याला फार ठळकपणे समजावून सांगितला जाईल.

खेळ खेळणाऱ्या पोरांनी एम्युलेटर वापरावा, हौसेनं वापरावा. ॲप बनवणाऱ्यांना त्याशिवाय गत्यंतर नाही. फोन फुटला आणि जुनं एखादं ॲप बघायचं आहे, बघा. हे सगळं मी आनंदानं करतो, आणि व्हीएम/३७० लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कारही करतो. पण त्यांनी बांधलेली खोली हे कुणाच्या घराचं दार बंद करायचं निमित्त होऊ नये.

माझ्या संगणकातला तो खोटा फोन मी अजून काढलेला नाही. त्यात वेळ बरोबर दिसते, बॅटरी कायम शंभर टक्के. अधूनमधून मी संस्थेचं ॲप उघडून बघतो. वर्तुळ फिरतं, ती ओळ येते, ॲप बंद होतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी मी ठरावाची सूचना लेखी दिली आहे. मजकूर असा: "सभासदास आपल्या खात्याचा उतारा, ठेवी व कर्जाची स्थिती संस्थेच्या संकेतस्थळावर, कोणत्याही ब्राउझरमध्ये, कोणतेही ॲप न उतरवता पाहता यावी." सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून त्या शिक्षिकेनं सही केली. कागद त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, दोनदा वाचला, 'कोणत्याही' हा शब्द पेनानं अधोरेखित केला, आणि पोचपावती घ्यायला विसरू नका असं मला बजावलं.